मान्सूनचा हिशेब मांडताना ज्यांच्या हाती समुद्राची नाडी लागली : सर गिल्बर्ट वॉकर

स्मृतिदिन विशेष | महाड-पोलादपूर

मे महिना सरत आला की महाड आणि पोलादपूरच्या बाजारात आगोटीची गर्दी सुरू होते. घाटाखालच्या वाड्यांवरची माणसं पावसाळ्याची बेगमी करतात. मीठ, मिरची, कांदे आणि त्यांच्यासोबत सुकट, बोंबील, वाकट्या, सोडे. त्याच दिवसांत पेपरात आणि मोबाईलवर एक बातमी हमखास येते : यंदा एल निनो आहे की नाही, पाऊस किती टक्के होणार. शेतकरी ती बातमी भाताच्या राबासाठी वाचतो. सुकी मासळी विकणाऱ्या मावशीला मात्र त्या बातमीशी आपलं काही देणंघेणं आहे असं वाटत नाही. खरं तर ती बातमी दोघांचीही आहे. समुद्राच्या ज्या हालचालीने आपला पाऊस मागेपुढे होतो, तिनेच मासळीही मागेपुढे होते.

हा धागा ज्यांच्या कामातून पुढे आला त्यांचं नाव सर गिल्बर्ट वॉकर. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते इंग्लंडमध्ये वारले. आयुष्याची ऐन उमेदीची वीस वर्षं त्यांनी भारतात, आपल्या मान्सूनचं गणित सोडवण्यात घालवली. ते गणित त्यांना सुटलं नाही. पण सोडवता सोडवता त्यांना जे दिसलं, त्यावर आज जगभरची पावसाची आणि मासेमारीची भाकितं उभी आहेत.

बूमरँग फेकणारा गणिती

गिल्बर्ट थॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या रॉचडेल गावचा. वडील इंजिनिअर. मुलगा लहानपणापासून गणितात आणि यंत्रांत रमणारा. शाळेत असतानाच त्याने फिरत्या भोवऱ्यावर चालणारा जायरोस्कोप स्वतः बनवला होता. पुढे लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १८८९ साली गणिताच्या परीक्षेत पहिले आले. केंब्रिजमध्ये या पहिल्या नंबराला सीनियर रँग्लर म्हणतात. आपल्याकडे रँग्लर परांजपे यांच्यामुळे हा शब्द घराघरात पोचला. परांजपे यांनी हा मान दहा वर्षांनी, १८९९ साली मिळवला.

अभ्यासाचा ताण अंगावर आला आणि वॉकर यांची तब्येत ढासळली. काही हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तिथे ते बर्फावरचं स्केटिंग शिकले. केंब्रिजला परतल्यावर शिकवणं सुरू झालं आणि बूमरँगचा नादही. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं हे वाकडं लाकूड फेकलं की फिरून परत कसं येतं, याचं गणित त्यांनी मांडलं. नदीकाठच्या हिरवळीवर तासन् तास बूमरँग फेकत राहणाऱ्या या प्राध्यापकाला दोस्तमंडळींनी बूमरँग वॉकर असंच नाव पाडलं.

अशा माणसाला हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा प्रमुख करायचं ठरलं, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या असणार. कारण हवामानाचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता.

दुष्काळाने दिलेलं काम

त्यांना बोलावण्यामागे कारण होतं. १८७६ ते १८७८ या काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. त्याआधी नुकतंच, १८७५ साली, भारतीय हवामान खातं सुरू झालं होतं. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली. जास्त बर्फ म्हणजे कमी पाऊस, असा त्यांचा ठोकताळा होता. त्यांच्यानंतर आलेले जॉन इलियट यांनी अंदाज आणखी लांबलचक केले. १८९९ साली मात्र इलियट यांनी चांगल्या पावसाची आशा दाखवली आणि देशावर शतकातला एक मोठा दुष्काळ कोसळला. गुजरात-राजस्थानातली जुनी माणसं त्याला छप्पनिया म्हणायची. टीका इतकी झाली की पुढे काही वर्षं अंदाज लोकांना सांगणंच बंद झालं. ते फक्त सरकारी कागदांत फिरू लागले.

पाऊस गेला की शेतसारा बुडतो, लोक मरतात, राज्य डळमळतं. इंग्रज सरकारची काळजी यातल्या कोणत्या गोष्टीसाठी जास्त होती, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. पण प्रश्न खराच होता, आणि ठोकताळ्यांनी तो सुटत नव्हता. आकड्यांचा माणूस हवा होता. इलियट निवृत्त झाले आणि जानेवारी १९०४ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, वॉकर यांनी सूत्रं हाती घेतली.

आपल्या जिल्ह्यापुरती एक नोंद इथे करायला हवी. त्याच १९०४ साली अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांच्यामुळे कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय उपकरणं बिघडणार होती. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ती मोजमापं समुद्रापलीकडे अलिबागला हलवली. निसर्गाचे आकडे वर्षानुवर्षं, खंड न पडू देता नोंदवायचे, ही त्या पिढीची शिस्त होती. वॉकर यांचं सगळं काम अशाच नोंदींवर उभं राहिलं.

शिमल्यातला आकड्यांचा कारखाना

वॉकर यांनी आल्या आल्या मान्सूनची थिअरी मांडली नाही. ती मांडण्याइतकं ज्ञान कोणाकडेच नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी वेगळी वाट धरली. भारतातला पाऊस आणि जगातल्या दूरदूरच्या ठिकाणचं हवामान यांच्यात काही नातं आहे का, ते आकड्यांनाच विचारायचं.

रीत अशी. एका रकान्यात भारताच्या पावसाचे तीस-चाळीस वर्षांचे आकडे. दुसऱ्या रकान्यात, समजा, मॉरिशस बेटावरचा त्या त्या वर्षीचा हवेचा दाब. एक वाढला की दुसरा वाढतो का, की उलट कमी होतो, की दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही? हे अंदाजाने न ठरवता सूत्राने काढायचं. याला सहसंबंध म्हणतात. आज हे गणित कॉम्प्युटर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच करतो. तेव्हा ते कागद-पेन्सिलीने करावं लागायचं, आणि जोड्या शेकडो होत्या. खात्यातल्या भारतीय कारकुनांनी आणि सहाय्यकांनी हे डोंगराएवढं काम उपसलं. त्यांच्यात हेम राज यांचं नाव पुढे येतं. पहिल्या महायुद्धात खात्यातले इंग्रज अधिकारी दुसरीकडे पाठवले गेले, तेव्हाही हे काम थांबलं नाही. त्याचं श्रेय या माणसांना आहे.

आकडे तरी कुठून आले? तालुक्या-तालुक्याला पर्जन्यमापक होते. सकाळी ठरलेल्या वेळी भांड्यातलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. मुसळधार पावसात बाहेर पडून हे काम करणाऱ्या, नाव-गाव कुठे न छापलेल्या कर्मचाऱ्यांच्या वह्या शेवटी शिमल्याला पोचायच्या.

यातून वॉकर यांनी अंदाजाची सूत्रं बांधली. हिमालयातला बर्फ, मॉरिशस आणि दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा पाऊस, अशा गोष्टी त्यांत होत्या. सगळ्या देशाला एकच अंदाज लागू पडत नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी देशाचे भाग पाडून वेगवेगळी सूत्रं केली.

कामाच्या या रगाड्यातही माणूस कोरडा झाला नव्हता. शिमल्याच्या मैदानावर बूमरँग फेकणं चालूच होतं. बासरीचा नाद होता आणि तिच्या रचनेत त्यांनी सुधारणाही सुचवल्या. पंख न हलवता तासन् तास तरंगणाऱ्या पक्ष्यांचं निरीक्षण त्यांनी केलं आणि त्यावर लिहिलं. १९१३ च्या फेब्रुवारीत कामानिमित्त मद्रासला गेले असताना पोर्ट ट्रस्टच्या एका तरुण कारकुनाची वही त्यांना दाखवण्यात आली. त्या गणितातलं सगळं आपल्याला तपासता येणार नाही, पण हा मुलगा असामान्य आहे, एवढं त्यांनी ओळखलं. या मुलाला निदान काही वर्षं पोटाची चिंता न करता गणित करू द्यावं, अशी शिफारस त्यांनी मद्रास विद्यापीठाला केली. मुलाला महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन.

हवेचा तराजू

आकड्यांच्या या ढिगातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येत होती. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडे हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला, ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडे, तो कमी होतो. तिकडे कमी झाला की इकडे वाढतो. बाजारातल्या तराजूची दोन पारडी जशी, तसंच. फक्त या तराजूची दांडी अर्ध्या पृथ्वीएवढी लांब. आपल्याकडचं पारडं चढ्या दाबाचं झालं की भारतात पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते, असंही दिसत होतं.

असं काहीतरी असावं अशी शंका त्यांच्याआधीही काहींना आली होती. भारत आणि ऑस्ट्रेलियात दुष्काळ बरोबरच पडतात, हे एकोणिसाव्या शतकातच कोणाकोणाच्या लक्षात आलं होतं. पण सगळ्या जगाचे आकडे एकत्र मांडून ही चाल दाखवली ती वॉकर यांनी. १९२४ साली त्यांनी तिला सदर्न ऑसिलेशन, म्हणजे दक्षिणेकडचा झोका, असं नाव दिलं. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि त्यांना सर ही पदवी मिळाली. नंतर दहा वर्षं त्यांनी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हवामानशास्त्र शिकवलं.

मात्र हा झोका कशाने हलतो, ते त्यांना सांगता आलं नाही. त्यांच्या टेबलावर हवेचे आकडे होते, समुद्राच्या पाण्याचे जवळजवळ नव्हतेच. कारण सांगता येत नाही म्हणून बऱ्याच शास्त्रज्ञांनी हे काम बाजूला ठेवलं. एवढ्या जोड्या लावल्या तर काही योगायोगाने जुळणारच, असाही आक्षेप होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. त्यातली काही नाती पुढच्या वर्षांत खरोखरच गळून पडली. वर गंमत अशी, की या झोक्यावरून जगातल्या इतर भागांचं हवामान बरं सांगता येत होतं, पण ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या भारताच्या मान्सूनचा अंदाज डळमळीतच राहिला.

पेरूच्या कोळ्यांना काय माहीत होतं

आता जरा दूर जाऊ. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पेरू नावाचा देश आहे. त्याच्या किनाऱ्याने दक्षिणेकडून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. किनाऱ्यालगतचे वारे वरचं पाणी आत समुद्रात लोटतात आणि त्याची जागा घ्यायला तळाचं थंड पाणी वर येतं. तळाच्या पाण्यात खत असतं, म्हणजे कुजून तळाशी गेलेल्या जीवांतलं नत्र, स्फुरद. शेतात शेणखत पडलं की भात जसा फोफावतो, तसं या खतावर समुद्रात सूक्ष्म वनस्पती फोफावतात. त्यांच्यावर अँकोव्हेटा नावाचा बोटभर लांबीचा मासा वाढतो, आणि त्याच्यावर मोठे मासे, समुद्रपक्षी आणि माणसंही.

काही वर्षी नाताळच्या सुमारास या किनाऱ्यावर उत्तरेकडून गरम पाणी येतं. तिथल्या पायता बंदरातल्या दर्यावर्दी लोकांनी त्याला एल निनो, म्हणजे बाळ येशू, असं नाव ठेवलं होतं. १८९० च्या दशकात पेरूच्या विद्वानांनी हे नाव कागदावर नोंदवलं. एखाद्या वर्षी हे गरम पाणी फार वाढायचं आणि ठाण मांडून बसायचं. मग तळाचं थंड पाणी वर येईना, खत मिळेना, मासा खोल जायचा किंवा दक्षिणेला सरकायचा. पक्षी उपाशी मरायचे. आणि वाळवंटी किनाऱ्यावर धो धो पाऊस पडायचा.

म्हणजे कोड्याचा एक अर्धा भाग शिमल्याच्या कागदांत होता आणि दुसरा पेरूच्या कोळीवाड्यांत. हवेचा झोका वॉकर यांना दिसला, पाण्याचा बदल कोळ्यांना दिसला. दोघांमध्ये अर्ध्या जगाचं अंतर होतं.

दोन्ही तुकडे जुळायला चाळीसहून अधिक वर्षं गेली. १९५७-५८ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीची मोजमापं घेण्याची मोहीम काढली होती, आणि नेमका त्याच वेळी मोठा एल निनो आला. पहिल्यांदाच प्रशांत महासागराच्या पाण्याचे आणि हवेचे आकडे एकत्र हाती आले. वॉकर वारले ते याच १९५८ च्या नोव्हेंबरात. त्यांच्या कोड्याचं उत्तर ज्या आकड्यांत होतं, ते गोळा झाले होते, पण उलगडले नव्हते.

उलगडा केला जेकब बर्कनेस या मूळच्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने. एरवी प्रशांत महासागरावरचे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटून ठेवतात. गरम पाण्यावर हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. वर गेलेली हवा पूर्वेला जाऊन पेरूजवळ खाली उतरते. वारे मंदावले की गरम पाणी पूर्वेकडे घसरतं, त्याच्यामागे ढग-पाऊसही सरकतो, आणि आपल्या बाजूला हवा खाली दबू लागते. वारा पाणी हलवतो, पाणी वाऱ्याला हलवतं. १९६९ साली बर्कनेस यांनी हवेच्या या चक्राला वॉकर अभिसरण असं नाव दिलं. नाव मिळालं तेव्हा वॉकर यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

बहात्तर साल : एकाच दोरीची दोन टोकं

महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की अजून जुन्या माणसांच्या तोंडी मिलो, सुकडी आणि खडी फोडण्याची कामं येतात. त्या वर्षी देशाचा मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २४ टक्के कमी पडला. त्याच वर्षी पेरूच्या समुद्रात मोठा एल निनो होता. पेरू तेव्हा मासेमारीत जगात पहिल्या नंबरावर होता. १९७० साली एकट्या अँकोव्हेटाचं उत्पादन सव्वा कोटी टनांच्या आसपास गेलं होतं. १९७३ साली ते वीस लाख टनांच्या आसपास आलं. कारखाने बंद पडले, होड्या बंदरात उभ्या राहिल्या. या माशाचं पीठ जगभर कोंबड्या-जनावरांना खायला घालत, तेही महागलं, आणि सोयाबीनचे भाव भडकले.

सगळा दोष एल निनोचा नव्हता, हे इथे लक्षात ठेवायला हवं. आधीच्या दहा वर्षांत तिथे बेसुमार मासेमारी झाली होती. समुद्र सुस्थितीत असता तर एक वाईट वर्ष त्याने पचवलं असतं. ओरबाडलेल्या समुद्राला ते पचलं नाही. मराठवाड्यातला कोरडा तळ आणि पेरूतली रिकामी जाळी, ही एकाच दोरीची दोन टोकं होती.

मागे वळून पाहिलं तर १८७७ आणि १८९९ ही दुष्काळाची सालंही एल निनोचीच होती. इलियट यांची फजिती झाली ती ज्या कारणाने, ते कारण तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आणि आपला समुद्र?

आपला अरबी समुद्र पेरूसारखा नाही. इथे वर्षात दोनदा वारे आपली दिशा बदलतात. जून ते सप्टेंबरात मान्सूनचे वारे केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगत तळाचं थंड पाणी वर खेचतात. त्यावर तारली आणि बांगडा पोसतात. कोकणात ही क्रिया बरीच सौम्य आहे. आपल्याकडे नद्यांचं गढूळ, गोडं पाणी समुद्रात पोषण आणतं, आणि हिवाळ्यात उत्तरेचा गार, कोरडा वारा वरचं पाणी थंड करून खालचं पाणी ढवळून वर आणतो.

यातली कुठलीही कडी हलली की मासळी हलते. त्याचं सर्वात बोलकं उदाहरण केरळच्या तारलीचं. २०१२ साली केरळात जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली साडेतीन हजार टनसुद्धा मिळाली नाही. मधल्या घसरणीत २०१५ च्या एल निनोचा मोठा हात होता, असं कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. पाणी तापलं, खाद्य कमी झालं, माशांची वाढ खुंटली. त्यात लहान मासे पकडण्याची भर पडली. नंतर तारली पुन्हा परतली. तारली असा रुसवा आधीही दाखवत आली आहे. वॉकर शिमल्यात आकडे मांडत होते त्याच काळात मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे जेम्स हॉर्नेल मलबार किनाऱ्यावर याच तारलीचा आणि तिच्या खाद्याचा अभ्यास करत होते.

गेल्या काही दशकांत तारली केरळच्या उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यालाही वाढली आहे. समुद्र गरम होतोय, तसा मासा आपली जागा बदलतो. त्याला सातबारा नाही, तो हलू शकतो. कोळ्याचं घर आणि बंदर मात्र जागच्या जागीच राहतं.

प्रशांत महासागराचा झोका हाच एकमेव झोका नाही, हेही आता कळलं आहे. हिंदी महासागराचा स्वतःचा झोका आहे. कधी आफ्रिकेकडची बाजू गरम, कधी इंडोनेशियाकडची. तो १९९९ साली जपानमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मांडला, त्यांत भारतीयही होते. २०१९ साली आफ्रिकेकडची बाजू फार तापली. त्या वर्षी पाऊस लांबला, ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात क्यार आणि लगोलग महा अशी वादळं आली. बंदी उठून हंगाम रंगात यायची वेळ, आणि होड्या बंदरात. भाताचीही कापणीच्या तोंडावर नासाडी झाली. मासळी वाळवायला कडक ऊन लागतं, तेही अशा वर्षी मिळत नाही. मग आगोटीला सुकटीचा भाव का चढला, याचं उत्तर महाडच्या बाजारात शोधून सापडत नाही.

सावित्रीच्या खोऱ्याला याचं काय

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोट-हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. वर्षाला महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातलं बरंच पाणी याच वाटेने खाली येतं. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांना, शेतांना पाणी आलं की चढणीचे मासे वर येतात, वलगण होते. खाडीतला जिताडा, बोय, कोळंबी यांचं चक्रही गोड्या-खाऱ्या पाण्याच्या मापावर चालतं. पाऊस पंधरा दिवस उशिरा आला तर राब जसा सुकतो, तशी वलगणही चुकते. २०२३ चा ऑगस्ट आठवा. एल निनोचं वर्ष होतं आणि १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला.

तरीही एल निनो म्हणजे दुष्काळच, असं समीकरण करू नये. १९९७ साली शतकातला एक सर्वात बलवान एल निनो होता, आणि देशात पाऊस सरासरीएवढा पडला. २००२ साली एल निनो त्यामानाने साधा होता, तर दुष्काळ पडला. वॉकर यांचं काम शिकवतं ते हेच, की ही सगळी शक्यतेची भाषा आहे. पारडं एका बाजूला झुकतं, पण माल तोलून झाला असं नसतं.

आणखी एक मर्यादा तर आपण जिवावर बेतून शिकलो आहोत. वॉकर यांचा हिशेब चार महिन्यांचा आणि मोठ्या प्रदेशाचा. २०२१ साली देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ९९ टक्के झाला, कागदावर अगदी नॉर्मल. त्याच वर्षी २२ जुलैला महाड पाण्यात बुडालं, तळिये गावावर डोंगर कोसळला, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी पडल्या. हंगामाचा अंदाज त्या रात्रीबद्दल काहीच सांगू शकत नव्हता. त्यासाठी त्या दिवसाचा इशारा, नदीच्या पाण्याची पातळी आणि खाडीच्या भरतीची वेळ लागते. हंगामाचा अंदाज बियाणं, बेगमी आणि कर्जाचा विचार करताना उपयोगाचा. पुराच्या रात्री तो कामाचा नाही. दोन्हींची गल्लत करू नये.

वॉकर यांचा वारसा

वॉकर यांची पद्धत त्यांच्यानंतरही भारतात चालत राहिली. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, ते १९४४ साली दिल्लीला हलेपर्यंत तिथेच होतं. १९८८ साली आपले डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं मॉडेल आणलं. एल निनो आणि हिमालयातला बर्फ त्यातही होताच. ते मॉडेल बरीच वर्षं चाललं, २००२ साली फसलं, आणि मग नवी मॉडेलं आली. दर पिढीला मान्सूनने असा एकदा तरी इंगा दाखवला आहे.

मासेमारीसाठीही आता रोजचा सल्ला मिळतो. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था उपग्रहातून समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हिरवं खाद्य पाहून मासळी कुठे असू शकेल ते कळवते. पेरूच्या कोळ्यांना पाण्याला हात लावून जे कळायचं, ते आता आकाशातून मोजलं जातं. फक्त मासळी कुठे आहे ते कळणं आणि ती संपेपर्यंत पकडणं यात फरक ठेवला पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती यासाठीच. ज्या वर्षी समुद्र तापलेला असेल, त्या वर्षी ही बंदी जास्त कसोशीने पाळायला हवी, आणि बारीक डोळ्याची जाळी दूर ठेवायला हवीत. पेरूने हा धडा फार महाग घेतला.

गिल्बर्ट वॉकर यांनी सावित्रीचं खोरं पाहिल्याची नोंद नाही, आणि मासळी हा त्यांचा विषयही नव्हता. पण एका ठिकाणचा पाऊस दुसऱ्या ठिकाणच्या समुद्राशी बांधलेला आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं, आणि कारण माहीत नाही म्हणून दिसलेली गोष्ट नाकारली नाही. त्यांनी आयुष्यभर नोंदींवर भरवसा ठेवला. आपल्याकडे पहिला पाऊस कधी आला, वलगण कधी झाली, खाडीत कोणती मासळी कमी झाली, हे सगळं जुन्या माणसांच्या डोक्यात आहे, कुठल्याच वहीत नाही. शाळांनी, ग्रामपंचायतींनी किंवा मच्छीमार सोसायट्यांनी अशी एक साधी वही यंदापासून घातली, तर वीस-तीस वर्षांनी ती कोणाच्या तरी नक्की उपयोगी पडेल. वॉकर यांच्या स्मृतीला त्याहून चांगलं अभिवादन दुसरं नाही.